खरूज म्हणण्याआधी

गेल्या वर्षी बकरीद 7 जूनला होती. शेवटच्या आठवड्यात भाव चढतात आणि निवडीला फारसे काही उरत नाही, हा दरवर्षीचा अनुभव. म्हणून आम्ही रमजान ईदनंतर दहा-बारा दिवसांतच बोकड घेऊन ठेवला. पांढरा, लांब कानांचा, राजस्थानातल्या सोजत जातीच्या वळणाचा. दात पाहिले, पाय पाहिले, डोळे पाहिले, शिंगे पाहिली. कातडीकडे मात्र नीट पाहिले नाही. पांढऱ्या केसांवर हात फिरवला आणि मऊ लागतोय म्हणून समाधान मानले.

सोपाऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात जुन्या घरांच्या मागे अजून थोडीफार मोकळी जागा आहे. आमच्या मागच्या अंगणाला लागूनच शेजारच्या चाचींचा बकऱ्यांचा गोठा. चाचींचे मिया जाऊन बरीच वर्षे झाली. चार-पाच बकऱ्या पाळायच्या आणि बकरीदला दोन बोकड विकायचे, हा त्यांचा हिशेब. त्या पैशांतून पावसाळ्याआधी कौले शेकारून होतात आणि नातीच्या शाळेचा खर्च निघतो. आमचा बोकड आम्ही त्यांच्याच गोठ्याच्या कडेला बांधला. त्यांनीच सांगितले होते, "एकटा राहिला तर ओरडून जीव खाईल, माझ्यांच्यात बांधा."

मेच्या पहिल्या आठवड्यात बोकडाच्या डोळ्यांभोवतीचे केस विरळ दिसू लागले. मग कानांच्या कडा खरखरीत झाल्या. तो खुंटाला तोंड घासायचा आणि मागच्या पायाने कान खाजवायचा. चार दिवसांत कानाच्या कडेला राखाडी खपली धरली. त्याच सुमारास आमचे लक्ष चाचींच्या जनावरांकडे गेले. त्यांच्या एका करडाच्या गालावर आणि मानेवर रुपयाएवढे गोल, केस गेलेले चट्टे होते. मोठ्या काळ्या बोकडाच्या पुढच्या पायांची आतली बाजू आणि हनुवटीखालचा भाग उघडा पडला होता.

मोहल्ल्यात निदान व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे एकमत झाले की चाचींच्या बकऱ्यांना खरूज झाली आणि ती मास्तरांच्या बोकडाला लागली. आम्ही तोंडाने काही बोललो नाही, पण त्याच रात्री आमचा बोकड सोडवून पुढच्या पडवीत आणून बांधला. न बोलताही सगळे बोलून झाले. दोन दिवसांनी चाचींच्या काळ्या बोकडासाठी बयाणा देऊन गेलेला नालासोपारा पूर्वेचा गिऱ्हाईक आला आणि पैसे परत घेऊन गेला. चाचींनी आम्हाला एवढेच विचारले, "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

तेव्हा सुचले की कोणी डॉक्टरला तर दाखवलेच नाही.

डॉक्टरांनी आधी काय विचारले

पशुवैद्यकीय डॉक्टर मॅडम आल्या, पण आल्या आल्या त्यांनी औषधाची पेटी उघडली नाही. पायरीवर बसून त्या प्रश्न विचारत राहिल्या. केस आधी कुठले गेले, तोंडाचे की पाठीचे? केस गेले मग खाज सुटली, की आधी खाज आणि मग केस? एकाच जनावराला आहे की सगळ्यांना? शेवटचे नवे जनावर गोठ्यात कधी आले? खायला काय घालता? घरात कोणाच्या अंगाला खाज आहे का?

वर्गात पंचवीस वर्षांच्या जवळपास मुलांना प्रश्न विचारत आलो, पण प्रश्न विचारण्यातच अर्धे उत्तर असते हे त्या दिवशी नव्याने कळले. शेवटचे नवे जनावर आमचेच होते. केस आधी तोंडाचे गेले होते. खाज आधी होती, केस मागून गेले. आणि आमच्या धाकट्याच्या दंडावर बारीक लाल पुरळ उठून रात्री खाजत होते. त्याला आम्ही घामोळे समजत होतो.

मग त्यांनी केस दुभंगून टॉर्चच्या उजेडात कातडी पाहिली. उवा असतील तर त्या अशा उजेडात डोळ्यांनी दिसतात आणि केसांच्या मुळाशी लिखा चिकटलेल्या असतात. उवा नव्हत्या. मग ब्लेडच्या बोथट बाजूने कानाच्या कडेची कातडी खरवडली. मधल्या जुन्या टक्कलाची नाही, तर आजारी आणि चांगल्या कातडीच्या सीमेवरची. किंचित रक्त पाझरेपर्यंत खरवडावे लागते, कारण हा किडा वर फिरत नाही, कातडीत भुयार खणून राहतो. ते खरवडलेले काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले, म्हणजे खपली विरघळते आणि किडा असला तर दिसतो. करडाच्या चट्ट्याच्या कडेचे केस मुळासकट उपटून कागदाच्या पुडीत घेतले. काळ्या बोकडाचे मात्र काहीच घेतले नाही. त्याच्या पायांना नाक लावून वास घेतला आणि त्या हसल्या.

त्याला रोग नव्हता. माजावर आलेला बोकड स्वतःच्या तोंडावर, दाढीवर आणि पुढच्या पायांवर लघवी उडवतो. ते सतत ओले राहून कातडी भाजल्यासारखी होते आणि केस जातात. बोकड पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते, पण संशयाच्या दिवसांत पाहिलेलेही आठवत नाही. कोमट पाण्याने धुऊन कोरडे करणे आणि थोडे मलम, एवढ्यावर ते भागते.

करडाला नायटा होता. नायटा म्हणजे बुरशी. तो बहुधा तोंड, कान आणि मान या भागांत गोल चट्ट्यांनी येतो. वर राखाडी कोंडा असतो, केस तुटल्यासारखे दिसतात, खाज नसते किंवा अगदी थोडी असते. लहान जनावरांत जास्त आढळतो आणि कित्येकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरा होतो. पण तोपर्यंत गोठ्याच्या लाकडांवर, दोरांवर, खरारा करायच्या ब्रशावर त्याचे बीज पसरते आणि ते महिनोन्महिने जिवंत राहते.

खरूज होती ती फक्त आमच्या बोकडाला. काचपट्टीवर पहिल्यांदा काही दिसले नाही. दुसऱ्या कानाच्या कडेची खरवड घेतली तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तो गोलसर, आखूड पायांचा किडा हलताना दिसला. मॅडम म्हणाल्या, "एकदा नाही सापडला म्हणजे नाहीच असं समजायचं नाही, मास्तर. हा लपतो."

म्हणजे बाजारातून आजार आम्ही आणला होता. नशीब एवढेच की चाचींच्या जनावरांपर्यंत तो अजून पोहोचला नव्हता.

उघड्या कातडीची वेगवेगळी कारणे

बकऱ्यांच्या खरजेचेही प्रकार आहेत आणि ते कुठून सुरू होतात यावरून अर्धी ओळख पटते. आमच्या बोकडाची खरूज तोंडावर आणि कानांवर सुरू होणारी, भयंकर खाजणारी. पुढे ती मांड्यांच्या आत, पोटाखाली पसरते, कातडी जाड होऊन तिला सुरकुत्या पडतात आणि जनावर खाणे सोडून वाळत जाते. दुसरा प्रकार कानाच्या आत होतो. जनावर सारखे डोके झटकते, कानात थरावर थर खपली साचते. तिसरा खुरांच्या वर, पायांना होतो आणि पाय आपटणे ही त्याची खूण. चौथा अगदीच वेगळा. खाज नाही, केसही फारसे जात नाहीत, पण मानेवर आणि खांद्यावर कातडीखाली मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात आणि दाबल्यास आतून पांढरा घट्ट पू निघतो. असे जनावर वरून तुकतुकीत दिसते, म्हणून विकत घेताना डोळ्यांवर विसंबू नये, हाताने चाचपावे.

पाऊस हे आपल्या वसई-विरारचे स्वतंत्र प्रकरण आहे. गेल्या वर्षी तर मुंबईत 26 मेलाच मोसमी पाऊस दाखल झाला, ईदच्या बारा दिवस आधी. कोरड्या राजस्थानातून आलेली जनावरे ताडपत्रीखाली भिजत उभी राहिली. सतत भिजलेल्या पाठीवर, कानांवर आणि नाकाडावर जिवाणूंमुळे खपल्या धरतात. ती खपली ओढली तर केसांचा झुबका तिच्यासकट निघतो आणि रंगाच्या ब्रशासारखा दिसतो. खाली ओलसर, लालसर कातडी असते. याला खरजेचे इंजेक्शन टोचून काहीच उपयोग नाही. जनावर कोरड्यात बांधणे हा निम्मा उपाय आणि बाकी डॉक्टर देतील ते औषध.

चाऱ्याचा प्रश्न मॅडमनी का विचारला ते आम्हाला नंतर कळले. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांच्या गोखिवऱ्याच्या घरी बोकडाचे केस मूठमूठ हातात येत होते. खाली कातडी स्वच्छ, ना खपली ना खाज. त्यांनी विकतचा चारा महाग पडतो म्हणून रस्त्याकडेच्या सुबाभळीचा पाला रोज पोटभर घालायला सुरुवात केली होती. सुबाभळीत मिमोसीन नावाचे द्रव्य असते आणि त्याने केस गळतात. गंमत म्हणजे सगळ्याच शेळ्यांना ते बाधत नाही. 1980च्या दशकात ऑस्ट्रेलियातले संशोधक रेमंड जोन्स यांनी दाखवून दिले की हवाई बेटांवरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही ठणठणीत राहतात, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू ते विष पचवतात. त्या जिवाणूला पुढे जोन्स यांचेच नाव मिळाले. सुबाभळीची सवय नसलेल्या जनावराला एकदम तोच पाला भरपूर घातला तर मात्र त्रास होतो. सहकाऱ्यांनी पाला बंद करून मिसळीचा चारा सुरू केला. केस परत आले. औषध एक रुपयाचेही लागले नाही.

जस्त कमी पडले तरी केस विरळ होतात, तोंडावर आणि पायांवर कातडी जाड, खवल्यासारखी होते. तांबे कमी पडले तर काळ्या बकरीचा रंग तांबूस, निस्तेज दिसू लागतो. आपल्या उस्मानाबादी बकऱ्या बहुतेक काळ्याच, त्यामुळे त्यांच्यात हा फरक लवकर ध्यानात येतो. डोंगराकडे, तुंगारेश्वरच्या बाजूला चरायला सोडलेल्या बकऱ्यांनी घाणेरीचा पाला खाल्ला तर यकृत बिघडते आणि मग ऊन सहन होत नाही. पांढऱ्या भागांची, कानांची आणि नाकाची कातडी लाल होऊन सोलते, डोळे पिवळे दिसतात. हे वरून कातडीचे दुखणे वाटते, पण आहे पोटातले. सावलीत बांधून लगेच डॉक्टर बोलवावा.

एक मात्र वेगळे ठेवायला हवे. ताप असेल, जनावर मान टाकून उभे असेल आणि ओठांवर, शेपटीखाली, जांघेत, कासेवर म्हणजे जिथे केस कमी असतात तिथे टणक फोड उठले असतील, तर ती शेळ्यांची देवी असू शकते. तिथे टॉर्च आणि प्रश्न करत बसू नये. जनावर वेगळे करावे, विकू नये, कोणाच्या गोठ्यात नेऊ नये आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. या रोगाची लस आहे, ती आधीच टोचून घेता येते. ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांच्यासाठी 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे.

इमाम साहेबांचा सवाल

निदान झाल्यावर खरा पेच पुढे होता. या बोकडाची कुर्बानी होईल का?

वसई-विरारमध्ये सोपारा, पापडीसारख्या जुन्या वस्त्यांतले कोकणी मुसलमान शाफई आहेत. मागच्या तीस-चाळीस वर्षांत उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाड्यातून आलेली बहुतेक कुटुंबे हनफी. एकाच गल्लीत दोन्ही मसलक नांदतात आणि बकरीदला या दोन्हींतले फरक हमखास चर्चेला येतात. बकऱ्याच्या वयाचा फरक बहुतेकांना माहीत असतो. हनफींत एक वर्ष पूर्ण, शाफईंत दोन. खरजेचा फरक फारसा कोणाला ठाऊक नसतो.

हदीसमध्ये कुर्बानीला न चालणारी जनावरे सांगितली आहेत. उघड काणे, उघड आजारी, उघड लंगडे आणि हाडांत मगज न उरलेले, अगदी वाळलेले. खरजेचे नाव त्यात वेगळे नाही. हनफी फिक्हच्या हिदाया या प्रसिद्ध ग्रंथानुसार खरूज झालेले जनावर मांसल असेल तर चालते, कारण दोष कातडीत आहे. वाळलेले असेल तर चालत नाही, कारण दोष मांसापर्यंत गेला. शाफई मसलकात मात्र इमाम नववी (रह.) यांनी मिन्हाजमध्ये थोडीशी खरूजसुद्धा बाध आणते हेच मत ग्राह्य धरले आहे. म्हणजे आमच्या पांढऱ्या बोकडाच्या कानावरची दोन बोटांची खपली शेजारच्या हनफी कुटुंबासाठी अडचण नव्हती आणि आमच्यासाठी होती.

आम्ही इमाम साहेबांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी किताब उघडली नाही. "खरूजच आहे हे कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी किडा दाखवला म्हणताच त्यांनी मान डोलावली. मग चाचींच्या काळ्या बोकडाचे विचारले. ती खरूज नाही, मांसाला काही झालेले नाही, लघवीने कातडी भाजली आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "मग त्याच्याविषयी सवाल कशाला?" फतवा निदानावर उभा असतो हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. आपापल्या जनावराविषयी वाचकांनीही आपल्याच आलिमांना विचारावे, पण जाताना डॉक्टरांचे म्हणणे हातात घेऊन जावे.

खरजेचा उल्लेख हदीसमध्येही येतो, आणि तो मोठा विचार करायला लावणारा आहे. एका अरबाने पैगंबर (सल्ल.) यांना विचारले की वाळूत हरणांसारखे चपळ असलेले माझे उंट एका खरजेच्या उंटामुळे सगळेच खरजेचे होतात, ते कसे? त्यावर त्यांनी उलट विचारले की मग पहिल्या उंटाला कोणी लावली? त्याच बरोबर हेही फर्मावले की आजारी जनावरांच्या मालकाने ती निरोगी जनावरांत आणून मिसळू नयेत. रोग अल्लाहच्या हुकुमाशिवाय लागत नाही हा अकीदा आणि जनावरे वेगळी बांधणे ही खबरदारी, दोन्ही सोबत. आम्ही मात्र पहिल्या उंटाला कोणी लावली हे न विचारताच चाचींना दोषी ठरवून बसलो होतो.

या किड्याची ओळखही आपल्याच एका हकीमाकडे जाते, हे सांगायचा मोह आवरत नाही. अंदालुसियाच्या सेव्हिल शहरात 1162मध्ये वफात पावलेले इब्न जुहर यांनी आपल्या अत्-तैसीर या वैद्यकीय ग्रंथात माणसाच्या कातडीखालून सरकणाऱ्या, कातडी सोलली तर बाहेर पडणाऱ्या आणि जेमतेम दिसणाऱ्या बारीक जिवाविषयी लिहून ठेवले आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तोच खरजेचे कारण आहे हे इटलीत बोनोमो यांनी 1687मध्ये मांडले.

औषध टोचले आणि ईद चुकली

खरजेवर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, कातडीखाली. एकदा देऊन भागत नाही, कारण ते अंड्यांना मारत नाही. दोनेक आठवड्यांनी परत द्यावे लागते. शिवाय एकाच बकरीला टोचून उपयोग नसतो. सोबत बांधलेल्या सगळ्या जनावरांवर उपचार आणि गोठ्याची सफाई करावी लागते. डोस वजनावर ठरतो, म्हणून तो इथे लिहीत नाही. अंदाजाने दिलेला कमी डोस किडा मारत नाही, उलट त्याला औषधाची सवय लावतो.

आमचा पहिला डोस मेच्या दुसऱ्या आठवड्यात झाला, दुसरा 24 मेला. मग मॅडमनी सांगितले ते ऐकून आम्ही गप्प झालो. हे औषध मांसात उतरते. शेवटच्या इंजेक्शननंतर ठरावीक दिवस जनावर कापायचे नाही, आणि या औषधाच्या बाबतीत ते दिवस आठवड्यांनी मोजावे लागतात. बाटलीसोबतच्या पत्रकावर ते लिहिलेले असते. दुभत्या शेळीला तर हे औषध द्यायचेच नसते, कारण ते दुधातही उतरते. 24 मे ते 7 जून, मधले दिवस चौदा. म्हणजे खपली झडून कातडी साफ झाली असती, इमाम साहेबांनी होकार दिला असता, तरी ते मांस आम्ही नातेवाइकांच्या आणि गरिबांच्या घरी पाठवू शकत नव्हतो.

याचा दुसरा अर्थ असा की बाजारात ईदच्या आठवडाभर आधी तुकतुकीत दिसणाऱ्या जनावराला आठ दिवसांपूर्वी काय टोचले आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. आम्ही आता विचारतो. विकणारा कधी चिडतो, कधी खरे सांगतो.

घरगुती उपायांविषयी थोडे. गाडीचे जळके ऑइल चोपडणे आपल्याकडे सर्रास चालते. त्यात धातूंचे अंश असतात, कातडी भाजते आणि बकरी ते चाटते. रॉकेलचेही तेच. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते, पण डोळ्यांत गेली तर फार इजा करते. करंजाचे तेल त्यातल्या त्यात निरुपद्रवी, कोरड्या कातडीला बरे. ते लावून डॉक्टरांची वाट पाहावी, डॉक्टरांऐवजी ते लावू नये.

मुलांचेही सांगितले पाहिजे. दरवर्षी बकरीदच्या सुमारास आमच्या वर्गात गालावर, हातावर गोल चट्टे असलेली दोन-तीन मुले असतातच. बोकडाच्या गळ्यात हात घालून फोटो काढलेले, त्याच्या गालाला गाल लावलेले. तो करडाचा नायटा असतो. मेडिकलमधून कोणाच्या तरी सल्ल्याने आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि आत नायटा पसरत जातो, मग ओळखूही येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे आणि घरात बकरी आहे हे आवर्जून सांगावे. जनावराच्या खरजेचा किडा माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही. जनावर बरे झाले की आपले पुरळही जाते, आमच्या धाकट्याचे तसेच गेले. करडांच्या ओठांवर चामखिळीसारख्या खपल्या येतात तो आणखी वेगळा, विषाणूचा रोग. तो माणसाच्या बोटांना होतो. ईदनंतर डोकी-पाय साफ करणाऱ्यांच्या हातांवर तो आल्याच्या नोंदी तुर्कस्तानातल्या आणि युरोपातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. आपल्या घरांत हे काम बहुतेक बायकांकडे असते. हाताला चिरा असतील तर रबरी मोजे घालावेत, एवढे तरी त्यांना आणून द्यावेत.

मन्नत मानली होती का, असे इमाम साहेबांनी विचारले होते. मानली नव्हती, त्यामुळे दुसरा बोकड चालणार होता. आम्ही चाचींच्या दारात गेलो. काळ्या बोकडाला दोन वर्षे पूर्ण झाली होती, पायांवर नवे केस उगवायला लागले होते. आम्ही बाजारभाव विचारला नाही. बयाणा परत घेऊन गेलेल्या गिऱ्हाईकाशी जो ठरला होता तोच आकडा त्यांनी सांगितला. वर हजार रुपये ठेवले तर त्यांनी ते उचलून परत आमच्या हातात दिले. "बकऱ्याची किंमत बकऱ्याएवढीच. बाकीचं तुम्ही त्या रात्री पडवीत बांधून घेतलंत ना, ते राहू द्या तिकडेच." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

पांढरा बोकड जुलैपर्यंत साफ झाला. तो आमच्याकडेच आहे. यंदाची कुर्बानी त्याचीच, इन्शाअल्लाह, आणि वर्षभरात त्याला काहीही टोचलेले नाही.

मागच्या महिन्यात चाचींनी एक नवी गाभण शेळी आणली. संध्याकाळी कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तीन आठवडे हिला तुमच्या पुढच्या पडवीत बांधते. माझ्यांच्यात लगेच नको." टॉर्च त्यांनी सोबतच आणला होता. आम्ही तो धरला आणि त्यांनी शेळीच्या कानाच्या कडा दोन बोटांनी उलगडून पाहिल्या.